आज रेंजवर फक्त डागडुजी

आज साताऱ्यात आमच्या रेंजवर नेमबाजी बंद होती. पावसाळ्यात टार्गेट स्टँडच्या लाकडी चौकटी फुगल्या होत्या, नटबोल्ट गंजून जाम. तेल सोडून एकेक सैल केला, कुजलेल्या फळ्या बदलल्या.

खरा वेळ गेला तो उंची जुळवण्यात. १० मीटर अंतरावरच्या नेमबाजीत टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर लागतो, फरक फार तर ५ सेंटिमीटरचा चालतो. एअर रायफलमध्ये दहा गुणांचा मधला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा! स्टँड डुगडुगला तर पोरांची मेहनत वाया जाते, म्हणून याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

टार्गेटमागच्या पेटीत शिशाचे छर्रे चपटे होऊन साचले होते. ते कोरड्या झाडूने कधीच झाडू नका, शिशाची धूळ नाकातोंडात जाते. ओल्या फडक्याने पुसलं, साबणाने हात धुतले, मगच चहा.

कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्य आणलं, तेव्हापासून लहान लहान पोरंही रायफल धरायला येतात. फार बरं वाटतं. त्यांना सरळ उभं टार्गेट मिळालंच पाहिजे.

उद्या सकाळी रेंज चालू. टार्गेटचं कार्ड लावताना चारही कोपऱ्यांना पिना मारा रे.