थांबलेल्यांची साक्ष

नव्या ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, सुरू करणाऱ्यांचा आमचा मेळावा वर्षातून एकदा भरतो, तीन दिवस. स्वागत, मागच्या सभेचे इतिवृत्त, जमाखर्च, पाहुण्यांची ओळख हे सगळे दरवर्षी वेळेवर आणि नीट पार पडते. पण मेळावा मनात राहतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी होणाऱ्या साक्षींमुळे, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते उभे राहून सांगण्यामुळे. त्यातही एका प्रकारच्या साक्षीसाठी आमचे कान आसुसलेले असतात: जे नवी मंडळी सुरू करायला निघता निघता थांबले, त्यांची.

वाढीच्या साक्षी ऐकताना आनंद होतोच. घरात बसणारे आठ जण वर्षभरात चाळीस झाले, पहिला बाप्तिस्मा झाला, पहिले प्रभुभोजन झाले, की सगळे एका आवाजात स्तुती करतात. पण सभागृह अगदी शांत होते ते कोणी उभे राहून "आमचे सगळे ठरले होते आणि प्रभूने आम्हांला जाऊ दिले नाही" असे सांगू लागले की. जागा पाहून झालेली असते, करारावर सही तेवढी राहिलेली असते, आणि गटातल्या एकीच्या मनाला काही केल्या शांती लाभत नाही. का, ते तिलाही सांगता येत नाही. गट तिला गप्प बसवत नाही, तीन आठवडे उपास-प्रार्थनेसाठी सही पुढे ढकलतो. कधी पुढे कारण कळते, कधी शेवटपर्यंत कळत नाही. कारण न कळताही जे थांबले, त्यांचे बोलणे ऐकताना डोळे पुसावे लागतात. ते सहसा दोन-तीन मिनिटांतच खाली बसतात.

या साक्षींआधी दरवर्षी एकच उतारा वाचतात: बायबलच्या नव्या करारातले प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. प्रेषित पौल आणि त्याचे सोबती यांना आसिया प्रांतात वचन सांगायला पवित्र आत्म्याने मनाई केली, बिथुनिया प्रांताकडे वळले तर तिकडेही जाऊ दिले नाही. मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला. उतारा समजावणारे आमचे वयोवृद्ध पाळक (धर्मगुरू) 10व्या वचनावर हमखास थांबतात. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देवाने बोलावले आहे हे अनुमान 'आम्ही' काढले, असे तिथे लिहिले आहे. दुसरी गोष्टही ते सोडत नाहीत. दृष्टांतात दिसला पुरुष, आणि मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात नदीकाठी प्रार्थनेच्या ठिकाणी भेटल्या स्त्रिया; त्यांतली थुवतीराची लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी. देवाने दिशा दाखवली होती, पुढचा नकाशा हातात दिला नव्हता. हे आम्ही किती वेळा ऐकले असेल, तरी दर वेळी ते नवे वाटते.

दुपारचे सत्र वहीवाल्या ताईंचे. मेळाव्यात इतके मोलाचे दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत आहे. ताईंच्या वहीत चार रकाने असतात: तारीख, प्रार्थनेत मिळालेले वचन किंवा विचार, तो कोणाला मिळाला, आणि पुढे काय झाले. चौथा रकाना कोरा सोडायचा. तारीख सगळ्यांत आधी टाकायची, कारण घडून गेल्यावर आठवण आपसूक निकालाच्या बाजूने झुकते. प्रत्येकाने आपापले वेगळे लिहायचे, आणि सगळ्यांचे लिहून झाल्याशिवाय कोणी वाचून दाखवायचे नाही. पुढारी आधी बोलला की बाकीच्यांनाही तेच ऐकू आल्यासारखे वाटते. पुढाऱ्याने शेवटी वाचायचे, हा ताईंचा नियम.

मग पारख. आलेला विचार पवित्र शास्त्राच्या विरुद्ध जात असेल तर तिथेच संपला. त्यानंतर पती-पत्नी दोघांची संमती, मग गटाची, मग ज्या मंडळीतून निघायचे तिच्या वडीलजनांची. परिस्थिती सर्वांत शेवटी तोलायची, कारण चूक तिथेच जास्त होते. अडथळा आला म्हणजे देवाने नाही म्हटले, असे धरता येत नाही. सैतानाने आम्हांला अडवले, असे पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 16व्या अध्यायात मोठे दार उघडले आहे आणि विरोधकही पुष्कळ आहेत, ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत. दार सहज उघडले म्हणून ते देवानेच उघडले, असेही नाही. आपण दूरदेशाहून आलो असे खोटे सांगून करार करायला आलेल्या गिबोनकरांच्या वाळलेल्या भाकरी आणि फाटके बुधले इस्राएल लोकांनी डोळ्यांनी नीट पारखले, पण परमेश्वराचा सल्ला घेतला नाही. यहोशवाच्या 9व्या अध्यायात ते वाचायला मिळते.

"देवाने मला सांगितले आहे" हे वाक्य आमच्या मेळाव्यात कोणी वापरत नाही. ते उच्चारले की समोरच्याचे तोंड बंद होते आणि पारख तिथेच थांबते. "मला असे वाटते, तुम्ही तपासून पाहा" असे म्हणायची सवय ताईंनी लावली आहे. नव्या गटांना पहिल्या दिवशी हे जड जाते, तिसऱ्या दिवशी त्यांच्याही तोंडी बसते.

प्रार्थना आणि पाहणी यांत वैर नाही, हे यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्यावरून शिकवतात. किसलेव महिन्यापासून निसानापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, त्याने प्रार्थना केली, आणि यरुशलेमेत पोहोचल्यावर तीन दिवसांनी थोडी माणसे घेऊन रात्री तट तपासला. म्हणून दोघादोघांनी त्याच वस्तीत तीन वेळा चालत फिरायचे: कामाच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी, आणि रविवारी. तिथे आधीपासून मंडळी असेल तर तिच्या पाळकांना पहिल्यांदा भेटायचे. दुसऱ्याच्या पायावर बांधायचे नाही, असे पौल रोमकरांना लिहितो. त्यांची माणसे ओढून भरलेली मंडळी वर्षभरात तशीच दुसरीकडे ओढली जाते.

गट बारा ते पंधरा प्रौढांचा असावा. तीन-चार महिने दर आठवड्याला त्यांचीच प्रार्थना, मग महिन्यातून एक अशा तीन-चार खुल्या सभा, आणि त्यानंतर दर रविवारची उपासना. हा क्रम घाईने मोडला तर काय होते, ते अनेकांनी मेळाव्यात रडत सांगितले आहे. पहिल्या रविवारी जुन्या मंडळीतून आलेल्या पाहुण्यांनी खुर्च्या भरतात, तिसऱ्या रविवारी त्या रिकाम्या होतात, आणि देवाने पाठ फिरवली असे गटाला वाटू लागते. देवाने पाठ फिरवलेली नसते, पाहुणे आपल्या घरी गेलेले असतात. मुलांच्या वर्गात कायम दोन प्रौढ हवेत. दान मोजायला एकाच घरातली दोन माणसे नसावीत, खात्यावर दोन सह्या असाव्यात, आणि कोणी कबूल केलेली रक्कम हातात पडेपर्यंत जमेत धरू नये. सहा महिन्यांचे भाडे हाताशी असल्याशिवाय जागा घेऊ नये. विश्वासाची उणीव म्हणून हे सांगत नाहीत. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूच सांगतो.

एक सल आहे, ती लिहितोच. पहिल्या रात्री संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अखंड प्रार्थना असते, दोन तासांचे सहा प्रहर, प्रत्येक प्रहराला दोघे. बाराच माणसे लागतात. नोंदणी भरपूर होते, साक्षींना उभे राहायला जागा नसते, आणि ही बारा नावे मिळवायला दरवर्षी घरोघर फोन करावे लागतात. मोठ्या मंडळ्यांचे पाळक शुभेच्छांचे पत्र पाठवतात. त्यांनी एक प्रहर घेतला तर नव्या गटांना किती धीर येईल! प्रेषितांच्या काळी अंत्युखियाच्या मंडळीत तर पाच संदेष्टे आणि शिक्षक नावानिशी हजर होते, आणि बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना कामासाठी वेगळे करा असा आत्म्याचा शब्द आल्यावरही त्यांनी पुन्हा उपास-प्रार्थना करूनच त्या दोघांवर हात ठेवले.

ज्यांनी मेळावा तोलून धरला, त्यांपैकी कोणी सुटू नये. पहाटे दोन ते चारचा प्रहर कायम घेणाऱ्या दोघी बहिणी. खुर्च्या मांडणारे आणि रात्री त्या परत रचणारे तरुण. ध्वनियंत्रणा सांभाळणारे भाऊ, गीतांची पाने छापून आणणाऱ्या बाई, स्वयंपाकघरातला सगळा गट आणि त्यांच्यामागे भांडी घासणारे. स्वच्छतागृहे धुणारे. मुलांचे वर्ग घेणाऱ्या शिक्षिका, ज्यांना साक्षी कधीच ऐकायला मिळत नाहीत. कर्णबधिरांसाठी खुणांनी अर्थ सांगणारी मुलगी. म्हाताऱ्यांना गाडीतून आणणारे आणि सगळे गेल्यावर परत सोडणारे. औषधांची पेटी घेऊन मागच्या रांगेत बसणाऱ्या परिचारिका. नोंदणीच्या टेबलावरचे तिघे; नाही, चौघे, चौथे पावत्या लिहितात. फुले आणणारे. दाराशी उभे राहून प्रत्येकाला नावाने हाक मारणारे काका.

शेवटच्या दुपारी ताई सर्व गटांच्या वह्यांतून गेल्या वर्षीच्या नोंदी वाचतात. ज्यांचा चौथा रकाना भरला, ते आपल्या जागी उभे राहून त्यात काय लिहिले ते सांगतात. ज्यांचा अजून कोरा आहे, त्यांना ताई पुढे बोलावतात, आणि बाकीचे सगळे त्यांच्याभोवती जमून त्यांच्यावर हात ठेवतात.