बिदाई आली की डिस्क अडकायची

२००९ च्या एप्रिलात दारव्ह्याजवळच्या खेड्यातले एक काकाजी पोरीच्या लग्नाची, मीच राइट करून दिलेली डीव्हीडी घेऊन दुकानात आले. "भाऊ, सगळं दिसते, पण बिदाई आली की अटकून राहते." माझ्या कॉम्प्युटरवर तीच डिस्क सुरळीत चालली. पण त्या आठवड्यात परत आलेल्या तिन्ही डिस्क शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच अडकत होत्या. लग्न पुन्हा होत नाही, म्हणून मला झोप लागेना. काकाजींचा जुना प्लेअर दोन दिवसांसाठी मागून आणला.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. १६ एक्सचा, म्हणजे मूळ वेगाच्या १६ पटीने डिस्क लिहू शकणारा बर्नर आत साधारण साडेसहा एक्सने सुरू होतो आणि बाहेरच्या कडेला पोचतो तेव्हा कुठे १६ गाठतो. म्हणजे बिदाई नेमकी सगळ्यात जास्त वेगात लिहिली जात होती.

दुकानात दोन बर्नर होते, जुना पांढरा आणि नवा काळा. लाईन असेल तेवढ्या वेळात तीच दीड तासाची फाइल दोन्हींवर, तीन प्रकारच्या डिस्कवर, एकदा १६ ने आणि एकदा ८ ने राइट केली. मग नीरोच्या सीडी-डीव्हीडी स्पीड या सॉफ्टवेअरमध्ये क्वालिटी टेस्ट. चुका मोजायची सोय पांढऱ्यातच होती, म्हणून सगळ्या डिस्क त्यातूनच तपासल्या. वेगवेगळ्या ड्राइव्हचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. पीआयई (वाचताना सापडलेल्या चुका) २८० च्या आत आणि पीआयएफ (पहिल्या दुरुस्तीत न सुटलेल्या चुका) ४ च्या आत राहिला पाहिजे. काळ्याने १६ ने लिहिलेल्या एका डिस्कचा आलेख चार जीबीपर्यंत जमिनीला टेकलेला, आणि पुढे पीआयएफ एकदम तिसाच्या वर!

त्याच नावाच्या आधीच्या डब्यातली डिस्क मात्र काळ्यावरही छान निघाली होती. दोन्हींचा मीडिया कोड, म्हणजे डिस्क कोणी बनवली हे सांगणारी डिस्कवरची खूण, पाहिला तर वेगवेगळा. डब्यावरचं नाव तेच, आतला माल दुसऱ्याच कारखान्याचा. कोणत्या कोडला लेझर किती आणि कसा द्यायचा हे बर्नरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये असतं. यवतमाळला जाऊन नवं फर्मवेअर उतरवून आणलं, तेव्हा काळा बराच सुधारला. तरी ८ एक्सच ठेवला. भरलेल्या डिस्कला सहाऐवजी नऊ मिनिटं लागतात, एवढाच फरक.

कोऱ्या डीव्हीडीचे दोन प्रकार, प्लस-आर आणि डॅश-आर. त्यातली प्लस-आर डिस्क काकाजींचा प्लेअर ओळखतच नव्हता. बुक टाइप, म्हणजे डिस्क कोणत्या प्रकारची हे प्लेअरला सांगणारी नोंद, डीव्हीडी-रॉम (कारखान्यातून छापून येणारी डिस्क) करून लिहिली तेव्हा तीही चालली. डॅश-आरला ही सोय नाही, पण तिला तो प्लेअर मुळात नकार देत नव्हता.

प्लेअर परत करायला गेलो तेव्हा नवी डिस्क तिथेच लावली. काकाजींनी रिमोटने थेट शेवट गाठला. मांडव, गाडीचं दार, पोरीचा काकूंच्या गळ्यातला हात. कुठेच थांबली नाही. काकू चुलीवरचा चहा तसाच सोडून दारात उभ्या होत्या. "पुन्हा लावा," म्हणाल्या.