मापात बसलेली चेन

सायकलची तुटलेली चेन अजून माझ्या खणात आहे, जुन्या सुती कापडात गुंडाळलेली. दुकान बंद करताना कधीतरी ती बाहेर काढतो, दिव्याखाली धरतो आणि भिंगातून त्याच जागा पुन्हा बघतो.

सायकल ओळखीची होती. एका काकांच्या मुलीची. चालवते ती, निगा राखतात काका. पावसात बाहेर राहून चेनवर गंज चढला, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. कामाची गर्दी होती. मी चेनवरून बोट फिरवलं, तांबूस झालेलं बोट त्यांना दाखवलं आणि म्हणालो, "काका, आधी हा गंज काढा, मग ऑइल. गंजावर ऑइल घालून काही उपयोग नाही." एवढंच. गंज कशाने काढायचा हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर एका शनिवारी ते ब्रेकचे पॅड बदलायला आले. चेन बघून मी थांबलोच. येणाऱ्या बहुतेक सायकलींची फ्रेम लख्ख असते आणि चेनवर काळा चिखल असतो. लोक डोळ्यांना दिसतं तेवढं पुसतात. इथे उलट होतं. कड्यांच्या मध्ये काळं काही नाही, रोलर मोकळे फिरतायत, ऑइल रोलरवर थेंब थेंब सोडलेलं आणि वरचं जास्तीचं पुसून घेतलेलं. हे पुसणं जवळजवळ कोणी करत नाही. ऑइलचं काम आत, कड्या जोडणाऱ्या पिनेपाशी असतं, बाहेर राहिलेलं ऑइल फक्त धूळ धरतं. कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाच्या, दोन चकत्यांच्या मध्ये कापडाची पट्टी घालून मळ काढला होता. जॉकी व्हीलच्या, म्हणजे मागे चेन ताणून धरणाऱ्या लहान चाकांच्या, दातांवर ऑइल आणि मातीची जी घट्ट खपली बसते, तीसुद्धा खरवडली होती. मी आमच्या शिकाऊ मुलाला हाक मारली. "बघ, सफाई याला म्हणतात."

काकांचा चेहरा खुलला. मग मी स्टीलची पट्टी घेऊन चेन मोजली, कारण मोजल्याशिवाय सायकल सोडायची नाही हा माझा नियम आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. चेन लांबली असं सगळे म्हणतात, पण पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. पिन आणि तिच्याभोवतीची जागा झिजते, प्रत्येक सांध्यात केसाहून बारीक फट पडते आणि शंभरावर सांध्यांची बेरीज पट्टीवर दिसायला लागते. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. अशा २४ कड्यांचे ३०४.८ होतात. त्यात दीड मिलिमीटर वाढला की अर्धा टक्का झाला. मागे अकरा किंवा बारा चकत्या असतील तर तेवढ्यावरच चेन बदलावी, दहा किंवा त्याहून कमी असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत चालवून घेता येतं. त्यापुढे गेलेली चेन कॅसेटचे दातही झिजवते आणि मग नवी चेन टाकली तरी जोर दिल्यावर ती दातांवरून घसरते. काकांची चेन पाव टक्क्याच्याही आत होती.

"मापात आहे," मी म्हणालो. "अशीच ठेवा."

एक गोष्ट मात्र खटकली होती. कड्यांच्या दोन्ही बाजूंना ज्या पोलादी पट्ट्या असतात, त्यांचा रंग. चेन स्वच्छ होती, पण चकाकी नव्हती. राखेसारखा मंद करडा रंग होता, सगळीकडे सारखा. मला वाटलं, गंजाने वरचा मुलामा खाल्ला असेल. मागे पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी चढावर पॅडलवर उभी राहिली, सगळं वजन टाकलं आणि चेन तुटली. उभं राहून जोर देताना चेन तुटली की पायाखालचं पॅडल एकदम रिकामं जातं आणि माणूस सावरायच्या आत हँडलवर येऊन आदळतो. ती डाव्या हातावर पडली. बुधवारी दोघं दुकानात आले तेव्हा तिच्या मनगटाला प्लास्टर होतं आणि काकांनी चेन रुमालात बांधून आणली होती.

"दादा, कंपनीला पत्र द्या," ते म्हणाले. "एवढी निगा राखूनही अशी तुटते म्हणजे माल खराब आहे. तुम्ही स्वतः बघितलीत शनिवारी."

आमच्याकडचा दुसरा मेकॅनिक माझ्यापेक्षा जुना आहे. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण चेन म्हटलं की त्याला घाई होते. मळक्या चेनवर स्प्रे मारायचा, पॅडल उलटं फिरवायचं, झाली सर्व्हिस. त्या फवाऱ्याने बाहेरची रेती पातळ होऊन पिनेपर्यंत आत जाते हे मी त्याला कितीदा सांगितलंय. त्याने रुमालाकडे लांबूनच पाहिलं. "पिन नीट बसली नसेल. लिहून टाक पत्र, नवी चेन येईल, त्यांचंही समाधान." चेन हातातसुद्धा घेतली नाही.

मी दोघांना बसायला सांगितलं आणि चेन रॉकेलमध्ये धुतली. माझी पद्धत तीन बरण्यांची आहे. पहिलीत टाकून, झाकण लावून जोरात हलवायची, ती काळी होते. मग दुसरी, मग तिसरी. तिसरीतलं रॉकेल पारदर्शक राहिलं की चेन कोरडी करून कानाशी धरायची आणि कडीकडी वाकवत न्यायची. आत रेती असेल तर करकर ऐकू येते. डोळ्याला स्वच्छ दिसणारी चेनसुद्धा कानाशी नापास होते. ही मात्र निःशब्द होती. इतकी चांगली धुतलेली चेन मी दुसऱ्या कोणाच्या घरून आलेली पाहिलेली नाही.

तुटलेली कडी भिंगाखाली धरली. पिन जागच्या जागी होती, वाकलेली नव्हती. बाहेरची पट्टी भोकापासून कडेपर्यंत सरळ चिरली होती. न वाकता, न ताणता, काच तडकावी तशी. चिरेची आतली बाजू अर्धी काळपट होती आणि अर्धी ताजी, चमकदार. म्हणजे अर्धा तडा मंगळवारच्या आधीपासूनच तिथे होता.

मग सगळी चेन बघायला घेतली. ११४ कड्या, एक आतली, एक बाहेरची अशा, म्हणजे बाहेरच्या ५७. एक क्विक लिंक, म्हणजे चेन उघडायची जोडकडी, सोडली तर उरल्या ५६ जोड्या, म्हणजे ११२ पट्ट्या. चेन कोरडी करून कापडावर लांब पसरली होती. थोड्या वेळाने दिसायला लागलं. करड्या पट्टीवर, भोकाच्या कडेपासून निघालेली केसासारखी काळसर रेघ. आत मुरलेलं तेलकट रॉकेल तड्यातून परत वर येत होतं. एक सापडली, मग पुढे दुसरी. तुटलेली धरून दहा पट्ट्या निघाल्या, चेनभर विखुरलेल्या. सगळ्या बाहेरच्या. आतल्या पट्ट्यांपैकी एकही नाही.

तिथे मला कळलं. मी विचारलं, "काका, गंज कशाने काढलात?"

ते लगेच म्हणाले, "टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड. बादलीत घालून रात्रभर ठेवली. सकाळी गंजाचा ठिपका नाही." सांगताना आवाजात शनिवारचाच आनंद होता.

अ‍ॅसिड पोलादाला लागलं की हायड्रोजन सुटतो. बराचसा बुडबुड्यांतून निघून जातो, थोडा अणूंच्या रूपात धातूत शिरतो. मऊ लोखंडाचं त्याने फारसं बिघडत नाही. पण चेनच्या पट्ट्या कठीण केलेल्या पोलादाच्या असतात आणि बाहेरच्या पट्टीच्या भोकात पिन दाबून बसवलेली असते, भोक पिनेपेक्षा किंचित लहान. त्यामुळे सायकल भिंतीला टेकून उभी असली तरी भोकाच्या कडेवर ताण कायम असतो. अशा ठिकाणी हायड्रोजन शिरला की पोलाद ठिसूळ होतं आणि तडकतं. लगेच नाही. काही तासांनी, काही दिवसांनी. आतल्या पट्ट्या वाचल्या त्याचं कारणही तेच. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये बुश, म्हणजे पिनेभोवतीची छोटी नळी, असलेली रोलर चेन आणली. गिअरच्या सायकलींच्या आजच्या चेनमध्ये ते वेगळं बुश राहिलेलं नाही, आतल्या पट्टीच्या भोकालाच कॉलर उठवलेली असते आणि पिन तिच्यात मोकळी फिरते. दाब नाही, म्हणून तडा नाही. माल खराब असता तर दोष असा पिन दाबलेल्या जागा शोधत गेला नसता.

चेनच्या डब्यात एक घडी घातलेला कागद असतो. अ‍ॅसिडचं किंवा अल्कलीचं गंज काढायचं द्रावण वापरू नका, चेन तुटून इजा होऊ शकते, अशी सूचना त्यावर बारीक अक्षरांत असते. तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात जातच नाही. चेन आम्ही बसवतो, डबा आम्ही फेकतो. मीही इतकी वर्षं तेच केलंय.

हे सगळं काकांना त्यांच्या मुलीसमोर सांगायचं होतं. मी भिंग पुढे केलं. आधी तिने पाहिलं, काही न बोलता ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"किती वेळ ठेवायला हवी होती?" त्यांनी विचारलं.

"अ‍ॅसिडमध्ये चेन घालायचीच नाही, काका. पाच मिनिटंसुद्धा नाही."

"मग गंज?"

"वरवरचा असेल तर ऑइल लावून ब्रशने घासायचा. कड्या अडकत असतील तर चेन बदलायची." हे वाक्य मी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. बोलायला किती वेळ लागला असता!

ते मान हलवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "शनिवारी हे दिसत होतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. तडे तेव्हा पडलेच नव्हते असं होऊ शकतं. पडले असतील तर ओल्या ऑइलखाली दिसले नसते असंही होऊ शकतं. पण तो करडा रंग मला दिसला होता. एक पट्टी पुसून भिंगाखाली धरायला अर्धा मिनिट लागला असता. तेवढा वेळ मी मोजपट्टीने चेन मोजण्यात घालवला. तुटल्यावर ती चेन मी परत मोजली, चांगल्या भागावर. आजही ती मापात आहे.

"नीट बघितलं असतं तर कदाचित दिसलं असतं," मी म्हणालो. मुलीने माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "तुमची काय चूक," आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

नवी चेन बसवली. डब्यातला कागद त्यांना दिला, मागच्या कोऱ्या बाजूवर धुण्याची पद्धत लिहून. रॉकेल आगीपासून लांब, गाळ मोरीत ओतायचा नाही, ऑइल रोलरवर एकेक थेंब, थोडं थांबून कोरड्या फडक्याने पुसणं. यातलं बहुतेक त्यांना आधीपासून येत होतं. पत्र लिहिलं नाही. दुसरा मेकॅनिक म्हणाला, उगाच त्या माणसाच्या मनाला लावून घेतलंस. मला ते पटत नाही. पत्र गेलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात नवी चेन त्याच बादलीत पडली असती.

महिन्याभराने मुलगी एकटीच आली. प्लास्टर निघालं होतं. चेन काळी होती, जॉकी व्हीलवर परत खपली.

"बाबा आता हात लावत नाहीत," ती म्हणाली. "दुकानातच दे म्हणतात. फडकी, ब्रश सगळं माळ्यावर टाकलंय."

मी चेन काढून धुतली. कानाशी धरली तर दुसऱ्या बरणीनंतरही करकर येत होती, तिसरीतून दोनदा काढावी लागली. सायकल देताना तिला म्हटलं, "बाबांना रविवारी सकाळी पाठव. जुना शर्ट घालून या म्हणावं."

दोन रविवार झाले. बरण्या मी तशाच ठेवल्यात. गाळ तळाशी बसलाय, वरचं रॉकेल निवळलंय.