माहुली ते हरिपूर: तीन संगम, एक दिवस

ऑगस्टात सांगलीत कुणीही भेटलं की ख्यालीखुशाली नंतर, आधी प्रश्न: "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा पूल, त्याच्यापाशी पुराचं पाणी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, त्याची मातकट रेघ आमच्या जिन्याच्या भिंतीवर अजून आहे. हे फूट येतात कुठून, ते एकदा वरून खाली बघत यावं म्हणून जानेवारीत दाजींना गाडी काढायला लावली.

साताऱ्याहून उजाडता उजाडता संगम माहुली गाठली. शहरापासून अगदीच जवळ. इथं वेण्णा कृष्णेला मिळते. वर धोम आणि कण्हेर धरणं असल्यानं हिवाळ्यात पाणी बेताचंच, पण त्यामुळेच घाटाच्या पायऱ्या खालपर्यंत दिसतात. विश्वेश्वराचं दर्शन घ्या आणि थोरल्या शाहूंच्या लाडक्या कुत्र्याची समाधी शोधा. पायऱ्यांवर शेवाळ असतं. मी एकदा घसरून बसलोच.

महामार्गानं कऱ्हाड तासाभरात. प्रीतिसंगमावर मात्र घाई करू नका. नद्या एरवी एकमेकींना तिरक्या मिळतात. इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि जोडीनं पूर्वेला वळतात. वेण्णा, कोयना, कृष्णा तिघी महाबळेश्वरच्याच. माहेरून वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या बहिणी अशा एकेक करून भेटत जातात. कोयनेवरचं धरण १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), पण त्यातलं बरंचसं पाणी वीज करून पोफळीकडून कोकणात उतरतं. पावसाळ्यात दरवाजे उचलले की इकडे येतं ते आमच्या वाट्याचं. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी सावलीत बसून डबा खाल्ला.

पुढे पेठ नाक्यावरून सरळ सांगली गाठता येते. आम्ही हौसेनं पलूस-भिलवडीचा रस्ता धरला आणि उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत गेलो. गळीत हंगामात जाणार असाल तर तास-दीड तास जास्तीचा धरा. अंधार पडल्यावर तर हा रस्ता नकोच, कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवाच नसतो. पण औदुंबरच्या अलीकडं नदीकाठच्या मळीवर, म्हणजे गाळाच्या जमिनीवर, ऊन खात पडलेली मगर दिसली. आधी ओंडकाच वाटली. त्या पट्ट्यात पाय धुवायलासुद्धा पाण्यात उतरू नका. पोरं सोबत असतील तर हात धरूनच काठावर जा.

सांगलीत १९२९चा आयर्विन पूल चालत ओलांडला आणि ऊन कलताना हरिपूरला पोचलो. संगमेश्वराच्या मागं वारणा येऊन मिळते. मी दाजींना म्हटलं, "वारणा तर पुलाच्या खाली मिळते. मग तिच्यामुळं पुलाला फूट कसे वाढतात?"

"पुढची गाडी हलली नाही तर मागची कुठं जाणार?" दुपारभर ट्रॉल्यांमागं बसून दाजी वैतागलेच होते, पण बोलले ते खरं. चांदोलीच्या खोऱ्यात पाऊस लागून वारणा फुगली की कृष्णेला वाट देत नाही. फुगवटा मागं सरकत सरकत आमच्या जिन्यापर्यंत येतो. इतकी वर्षं मी फक्त कोयनेलाच शिव्या देत होतो.

हरिपुरात कृष्णाकाठची वांगी मिळाली तर घ्या, भरताला तोड नाही. गाडी देवळापासून लांबच लावा. सोमवारी तर गल्लीत वळवायलाही जागा मिळत नाही.