सकाळी बिघडणारी रायफल

माझं काम रेंजवरच्या रायफली दुरुस्त करायचं. स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून तक्रारी घेऊन नेमबाजांपेक्षा पालकच जास्त येतात.

डिसेंबरात असेच एक वडील मुलीची पॉइंट टू टू बोअरची रायफल घेऊन आले. "दुपारी छान मारते हो, सकाळी ग्रुप फुटतो, गोळ्या विखुरतात. सर म्हणतात झोप पुरत नसेल. मला वाटतं काडतुसांचा लॉट बदलावा."

लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेली काडतुसं, बदलणं हा आमच्याकडचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात लाडका उपाय. फरक पडतोच, नाही असं नाही. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस. पण एक लॉट एखाद्या नळीला मानवतो, दुसरा मानवत नाही. पण तोच लॉट दुपारी चालतो म्हटल्यावर दोष त्याला कसा द्यायचा?

मी सकाळचं टार्गेट मागितलं. 50 मीटरला दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, गोळीच्या जाडीच्या दुप्पटही नाही. पोरीच्या गोळ्या डाव्या-उजव्या बाजूला फारशा गेल्याच नव्हत्या. सगळ्या एकाखाली एक, उभ्या ओळीत. झोपाळलेला हात इतका शिस्तीत चुकत नाही. उभी ओळ दिसली की मी आधी वेगावर संशय घेतो. ही गोळी सेकंदाला साधारण 330 मीटर वेगाने निघते. त्यात 10 मीटरची तूट आली, तर मधोमध लागायची ती सात-एक मिलिमीटर खाली उतरते आणि दहाला जेमतेम कड टेकवते.

"उद्या सकाळी थंडीतच आणा," म्हटलं.

ती मारत होती आणि मी खाली पडलेल्या पुंगळ्या वेचत होतो. अशा रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात असतो. फायरिंग पिन तो काठ चेपते तेव्हा बार उडतो. भिंगाखाली धरलं तर काही काठांवर ठसा खोल, धारदार; काहींवर नुसता टेकल्यासारखा.

बोल्ट, म्हणजे पिन ज्यात बसते तो भाग, उघडला. पिनभोवती आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत पिवळट ग्रीस, थिजलेल्या तुपासारखं. कुणीतरी मोठ्या मायेने भरलं होतं. गारठ्यात ते घट्ट होतं, पिन रखडते, मसाला कधी नीट पेटतो, कधी अर्धवट, आणि गोळीचा वेग कमी-जास्त होतो. ऊन वर आलं की ग्रीस सैल होतं आणि रायफल शहाण्यासारखी वागते.

सगळं धुऊन कोरडं केलं, तेल बोटाला जाणवेल न जाणवेल इतकंच लावलं. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर बुटकी भरली, बदलून टाकली. वडील म्हणाले, "आता उघडलंच आहे तर स्टॉकचे स्क्रूही बघा." रायफल दस्त्याला आवळणाऱ्या त्या स्क्रूंना मी हात लावला नाही. हे सगळं एकाच दुखण्याचं औषध होतं; त्यात स्क्रूही हलवले असते तर गुण कशाने आला ते कळलंच नसतं.

पुढच्या सकाळी गारठा तसाच होता. उभी ओळ मिटली, भोकं एकात एक गेली. फक्त दोन उजवीकडे सुटलेली.

"काका, आणि ह्या?"

"ह्या ट्रिगरवरच्या बोटाच्या. त्या तुझ्या सरांकडे ने."