व्हिसा संपायच्या तीन वर्षं आधी

आखातातून पन्नाशीतच गावी परतायचं ठरलं की घराचा स्लॅब, कलमांची बाग, मुलांची फी असा सगळा हिशेब मांडला जातो. आरोग्य विमा मात्र ‘आल्यावर बघू’ म्हणून मागे राहतो. खरं तर तोच सगळ्यांत आधी घ्यायला हवा.

फ्रान्स, जर्मनी, जपान अशा देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत, म्हणजे तिकडे भरलेल्या पेन्शनचा हक्क परतल्यावरही टिकतो. आखातातल्या एकाही देशाशी नाही. सौदीत मालक आपल्या नावे ‘गोसी’ या सरकारी सामाजिक विमा संस्थेत पगाराच्या २ टक्के भरतो, पण ते फक्त कामावरच्या अपघातासाठी. अमिरातीतल्या खासगी नोकरीत ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दरसाल २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा, आणि तोही मूळ पगारावर, भत्ते सोडून. कंपनीचं मेडिकल कार्ड तर नोकरीबरोबरच संपतं.

इथल्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं. ही तीन वर्षं कंपनीचं कार्ड चालू असताना तिकडेच काढावीत. अनिवासी भारतीयाला पॉलिसी मिळते, हप्ता एनआरई किंवा एनआरओ खात्यातून भरता येतो, तपासण्या सुट्टीवर आल्यावर उरकता येतात. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही.

फॉर्म स्वतः भरा. एजंट घाईत ‘आजार नाही’वर खूण करतो आणि पुढे क्लेम तिथेच अडतो. तिकडच्या क्लिनिकमधली गोळ्यांची चिठ्ठीसुद्धा सांगा, तिची प्रत ठेवा. सलग ६० महिने पॉलिसी चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याचं कारण कंपनीला देता येत नाही, पण त्या भरवशावर बसू नये.

कोकणातल्या माणसाला खरा फटका बसतो तो झोनचा, म्हणजे पत्त्यानुसार हप्ता ठरवणाऱ्या विभागाचा. काही पॉलिसींत रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पत्त्यावर हप्ता कमी लागतो, पण मुंबईत ऑपरेशन केलं की बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्या खिशातून जातो. मोठ्या आजारात आपण आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो, नाहीतर मुंबईला. म्हणून थोडा जास्त हप्ता भरून मुंबईचा झोन घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. सिंधुदुर्गकरांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ, पण गोव्याची सरकारी विमा योजना गोव्याच्या रहिवाशांसाठी आहे.

दुसरा खड्डा खोलीच्या भाड्याचा. ५ लाखांच्या पॉलिसीत १ टक्क्याची मर्यादा असेल, तर दिवसाला ५,००० रुपये. खोली १०,०००ची घेतली तर फक्त फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटरचे आकारही निम्मेच मंजूर होतात. औषधं आणि इम्प्लांट यातून वगळलेले असतात. भाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसीच बघा.

राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत आता पांढरं रेशनकार्डवालेही येतात. परतल्यावर कार्डावरचं आपलं नाव आधारशी जुळतंय ना, तेवढं तपासा. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचं आयुष्मान कार्ड मात्र आजच काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात.

परतल्यावर एनआरई खातं निवासी करून घ्यावंच लागतं. अशा वेळी जुना ऑटो-डेबिट बंद पडू शकतो आणि वर्षाचा हप्ता राहून जातो. भरायला ३० दिवसांची सवलत असते, पण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या दिवसांतलं आजारपण धरत नाहीत. आणि ३० दिवस उलटले की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. बँकेत फॉर्म देतानाच नवा ऑटो-डेबिट लावून या.