तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा भिंतीतला पलंग कुठे गेला?

"160 चौरस फुटांत एवढा दिवाण? आणि तो भिंतीला उभा राहणारा पलंग किती छान होता, तो का काढलात?" नातेवाईक विचारतात, चाळीतले विचारतात, परवा खिडकीचं काम करायला आलेल्या सुतारानेही विचारलं. दर वेळी "मोडला" म्हणून वेळ मारून नेते. मोडला नव्हता. मी काढायला लावला.

नायगावच्या बीडीडी चाळीत तो 2016 मध्ये करून घेतला तोही मीच, हट्टाने. सहा बाय चार, 18 एमएमचा प्लाय, उचलायला गॅसचे दांडे. अण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे गेले होते, त्यांना जमिनीवरून उठवत नव्हतं. आमचे हे म्हणाले, रोज उचल-ठेव कोण करणार? मी म्हटलं, गिरणगावात अख्खी पिढी वळकट्यांवर झोपली, सकाळी गुंडाळल्या, रात्री पसरल्या. पलंग गुंडाळला तर काय बिघडलं?

पुढच्याच वर्षीच्या थंडीत धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते, अकरा वाजता. अण्णांना आदल्या रात्रीपासून ताप. सकाळी मी नुसतं म्हटलं, "अण्णा, जरा पलंग..." पुढचं वाक्य मी पुरं केलंच नाही. ते उठले. चादरीची चौघडी केली, उशी गादीच्या पट्ट्याखाली सरकवली, पलंगाचे पाय आत दुमडले आणि दोन्ही हात लावून तो स्वतः वर ढकलला. हात थरथरत होते. मी कांदेपोह्यांचा कांदा चिरत होते आणि ते मला दिसत होतं. मग शाल घेऊन व्हरांड्यात खुर्चीवर जाऊन बसले. पाहुणे लांबले, जेवूनच गेले. शेजारच्या काकूंनी विचारलं तर अण्णा म्हणाले, "इथं हवा बरी आहे." तीन तास ते तिथे होते. संध्याकाळी दवाखान्यात नेलं तर न्यूमोनिया निघाला. आठ दिवस सलाईन.

बरे झाले. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. पण दुसऱ्या महिन्यात मी सुताराला बोलावलं.

दोष पलंगाचा नव्हता, हे मलाही कळतं. त्या दिवशी तो खाली राहिला असता तर पाहुणे दाटीवाटीने बसले असते, इतकंच. पण तो वर जातो म्हणूनच तो वर जायला हवा असं सगळ्यांना वाटायला लागतं. आणि वळकटीचा दाखला मी अर्धाच दिला होता. अण्णा लग्नाआधी ज्या गाळ्यात राहायचे, तिथे रातपाळी करून आलेला माणूस भर दुपारी झोपलेला असायचा आणि बाकीचे त्याला ओलांडून जायचे. त्याला कुणी उठवत नसे.

तेव्हा दिवाण. सहा बाय तीन, म्हणजे 18 चौरस फूट कायमचे गेले. पलंग उभा असला की सहाच अडायचे. बारा चौरस फुटांचा फरक, आणि त्यात मुलाचं टेबल बसत होतं. त्याने दहावीचा अभ्यास व्हरांड्यात केला, ते त्याच्या मनात आहे आणि त्याचं चुकत नाही. दिवाणाच्या पोटात गाद्या, तांदूळ, गणपतीचं मखर मावतं असं मी सांगत असते, पण टेबलाची जागा त्याने भरून निघत नाही. बरं, ज्यांच्यासाठी एवढं केलं ते अण्णा पुढची चार वर्षं दिवसा त्या दिवाणावर कधी आडवे झाले नाहीत. कडेला बसायचे. कुणी आलं की उठायचे.

आता पुनर्विकासातलं 500 चौरस फुटांचं घर मिळायचं आहे. मुलाने मोबाइलवर भिंतीतल्या पलंगाचं चित्र दाखवलं. खाली टेबल, वर पलंग, त्याच्या खोलीत. मी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, दिवसभर खाली सोडून ठेवला तर दाराकडे जायला वाट उरते का? तो म्हणाला, "बंद असतानाचंच माप दिलंय, आई. उघड्याचं विचारून सांगतो."